खंडेनवमीचं घड्याळ

घड्याळजीने मागचं झाकण उघडलं आणि चिमट्याच्या टोकावरची लाल भुकटी दाखवली. "ताई, आत नुसतं कुंकूच भरलंय."

वत्सलाचं डोकंच फिरलं. हे घड्याळ आधी सासऱ्यांचं, मग नवऱ्याचं. दोघेही एसटीचे ड्रायव्हर. नवरा गेल्यापासून भाऊजी दर खंडेनवमीला ते पाटावर मांडायचे, कुंकू वाहायचे, पाणी शिंपडायचे आणि परत कपाटात ठेवायचे. त्याला चावी द्यावी, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

"स्वच्छ करून चालू करा," ती म्हणाली. "आणि पट्टा बारीक मनगटाचा लावा."

यंदाच्या खंडेनवमीला रिकामा पाट बघून भाऊजी भडकले. "वहिनी, घड्याळ कुठंय? घराण्याची वस्तू आहे ती, माझ्या मुलाकडे जायची!"

"माझ्या रेवतीच्या हातावर आहे."

"पोरीच्या? बरं, निदान आज पूजेपुरतं तरी काढून ठेवायचं!"

वत्सलाने त्यांच्या हातातला कुंकवाचा करंडा काढून घेतला आणि झाकण घट्ट लावलं.

"नाही जमणार, भाऊजी. सकाळची पहिली एसटी तीच घेऊन गेलीय. घड्याळ ड्यूटीवर आहे."