हिरवा ठिपका

पडद्यावर हिरवा ठिपका आला आणि विशाखाच्या जिवात जीव आला.

"ताई, काळजी करू नका. मुलगा स्वतःहून परत येईल. अशी शंभरातली चौऱ्याण्णव मुलं येतात."

पंचशीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हदगावच्या अंगणवाडी सेविका. मुलगा संघपाल लातुरात डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करत होता. तीन दिवसांपासून होस्टेलवर नव्हता. "म्याडम, मोबाईल उशीखाली ठेवून कोन जातं हो?" हे त्या सकाळपासून तिसऱ्यांदा विचारत होत्या. पण उशीखालच्या मोबाईलसाठी प्रोग्राममध्ये रकानाच नव्हता.

विशाखा नांदेडची इंजिनिअर. लातूरच्या या पोलीस ठाण्यातल्या वीस वर्षांच्या बेपत्ता माणसांच्या नोंदी तिनं संगणकाला शिकवल्या होत्या. कोण गेलं, कुठून गेलं, पुढं काय झालं. त्यावरून नव्या माणसाबद्दल यंत्र सांगायचं. लाल म्हणजे आत्ता शोधा, हिरवा म्हणजे थांबा. साहेब खूश होते. ठाण्याला जीप एकच, त्यात यंत्रानं निम्मं काम कमी केलेलं. खूश न व्हायला काय झालं?

पंचशीलाबाईंनी पिशवी उचलली. "येतो म्हणून राहिलंय न्हवं तुमचं मशीन? मंग मी जाते. घराला कुलूप हाय. लेकरू आलं अन् दार बंद दिसलं तर?"

कोपऱ्यातल्या टेबलावर हवालदार महेबूब शेख लिहिता लिहिता थांबले. भूकंपाच्या साली भरती झालेला माणूस, आता निवृत्तीला दोन महिने. त्या वीस वर्षांच्या नोंदी त्यांच्याच हातच्या. अक्षर असं सुबक की विशाखानं पहिल्याच दिवशी कौतुक केलं होतं.

दर डिसेंबरात वरून विचारणा व्हायची, प्रलंबित किती? गावातल्या माणसाची फाईल मिटवायची सोय नव्हती. त्याचे नातेवाईक रोज दारात. कोचिंगला आलेली पोरं लांबची. आईबाप चार खेपा घालून थकायचे. मग महेबूब त्यांच्या घरी एकदा फोन लावायचे. उचलला नाही की त्याच सुबक अक्षरात लिहायचे, 'स्वतःहून घरी परत.' यात कोणाचं काय बिघडतं, असं त्यांना वाटायचं. खरंच वाटायचं.

पंचशीलाबाई दारापर्यंत पोचल्या होत्या.

"थांबा, ताई." महेबूब उठले. "ती पोरं आली न्हाईत, म्याडम. आली म्हणून मीच लिहिलो."

यंत्र त्याच खोट्या नोंदींवर शिकलं होतं, हे विशाखाला आधी उमगलंच नाही. उमगलं तेव्हा तिला महेबूबचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. एकाही घरी तिनं फोन करून पाहिला नव्हता.

पंचशीलाबाई ओरडल्या नाहीत. त्या माघारी आल्या आणि संघपालचा फोटो टेबलावर ठेवला.

"ह्याला आत्ता शोधा," त्या महेबूबना म्हणाल्या. मग विशाखाकडं वळल्या. "अन् म्याडम, माज्याआधी किती आयांना घरी धाडलं?"

महेबूब जीपकडं धावले. विशाखानं यंत्र सुरू झालं त्या जूनपासूनची यादी उघडली. कोचिंगची अकरा मुलं. सगळी हिरवी. अकरा घरी आया दार उघडं ठेवून बसल्या होत्या.