शाळेची कॅसेट

जुम्म्याची नमाज आणि जेवण उरकून आखातातल्या बिन महमूद वस्तीतल्या खोलीतले सहाही जण टीव्हीसमोर दाटीवाटीनं बसले. वली सुट्टी संपवून कालच रत्नागिरीहून परतला होता. येताना त्यानं गावच्या शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाची व्हिडिओ कॅसेट आणली होती.

"इनायतभाई, पुढं या. तुमची शाळा बघा."

शाळा त्या सगळ्यांचीच होती, पण इनायत वयानं मोठा. छप्पन साली चौथी पास होऊन तो तिथून निघाला, त्याला आता तीस वर्षं झाली होती. गावी गेला तरी शाळेकडं फिरकणं काही व्हायचं नाही.

पडद्यावर लाल मातीचं मैदान आलं. इनायतला काही ओळखूच येईना. कौलं जाऊन वर स्लॅब पडला होता. दर शनिवारी पोरं शेणानं जमीन सारवायची, तिथं गुळगुळीत फरशी होती. दुसरीचा वर्ग ज्या उंडीच्या झाडाखाली भरायचा, ते झाड गेलं होतं आणि त्या जागी झेंड्याचा कट्टा होता.

"झाड कशाला तोडलं रे?"

"मुळं इमारतीच्या पायात शिरत होती म्हणे."

कॅमेरा वर्गात शिरला. छताला नवा पंखा फिरत होता.

"पंख्याची वायर उघडीच सोडलीय," इनायत पुटपुटला. सगळे हसले. इलेक्ट्रिशियनला दुसरं काय दिसणार!

"ही आमची सातवीची मुलं," पडद्यावर गुरुजी म्हणाले. पोरं कविता म्हणायला लागली. इनायतची लेकही सातवीत होती; तो पुढं सरकला. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत त्यानं एकेक चेहरा न्याहाळला.

"आमची जैतून कुठं दिसत नाही?"

वली एकदम उठला. "पुढं जेवणाचं आहे, ते लावतो."

"असू दे."

तेवढ्यात कॅमेरा खिडकीवरून गेला. बाहेर, गजांना धरून जैतून उभी होती. कडेवर धाकटा भाऊ. तो इनायत इकडं आल्यावर जन्मला होता, बापानं त्याला फोटोतच पाहिलं होतं. जैतूनची नजर आतल्या फळ्यावर होती आणि वर्गाबरोबर तिचेही ओठ हलत होते. कुणीतरी हाक मारली असावी. ती वळली आणि दिसेनाशी झाली.

"मागं घे," इनायत म्हणाला.

वलीनं कॅसेट मागं घेतली. मग आणखी एकदा घेतली.

"तुला ठाऊक होतं?"

"भाभींची कंबर धरलीय, इनायतभाई. अंथरुणातून उठवत नाही. रमजानपासून घरचं सगळं पोरगीच बघते. तुम्हाला सांगू नका म्हणाली."

"बिलकिस म्हणाली?"

"नाही. जैतून."

इनायतच्या उशाखाली पत्रांची चळत होती. सातवीत गणितात पहिली आले, गुरुजींनी शाबासकी दिली, असं काय काय त्यात होतं. गावात फोन नव्हता. रजा कंपनीनं दोनदा पुढं ढकलली होती आणि पासपोर्ट त्यांच्याच कपाटात होता. काही वेळानं तो उठला, ट्रंकेवर कागद ठेवला आणि लिहायला बसला. 'बिलकिसला सलाम. घरकाम पडलं तरी चालेल, जैतूनला उद्यापासून शाळेत पाठव.' एवढं लिहून त्याचा हात थांबला.

"लिहा ना," वली म्हणाला. "मंगळवारी इब्राहीम गावी चाललाय. थेट भाभींच्या हातात देईल."

"बिलकिसला वाचता कुठं येतं?"

"मग इतके दिवस तुमची पत्रं...?"

"जैतून वाचून दाखवते." इनायतनं पेनाला टोपण लावलं. "आणि उत्तरही तीच लिहिते."