अंगणातलं गाऱ्हाणं

पालखी अंगणात पाटावर टेकली, ढोल थांबले, आणि परशुराम हळूच गाऱ्हाणं घालणाऱ्या म्हाताऱ्या बाबल्याच्या कानाशी लागला.

शिमग्यात ग्रामदेवाची पालखी घरोघर जाते. घरच्या माणसाने नारळ पुढे करायचा, मनातलं मागणं बाबल्याला सांगायचं, आणि त्याने ते गाऱ्हाणं म्हणून मोठ्याने देवापुढे घालायचं. वाक्यावाक्याला जमलेल्या पुरुषांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. एकदा सगळ्यांनी व्हय म्हटलं की ते एकट्याचं मागणं राहत नाही, गावाचं म्हणणं होतं.

दाराआड उभ्या असलेल्या वेदिकाला बापाचा शब्दन् शब्द ऐकू आला.

“पोरीकडनं चूक झाली, ती पदरात घे म्हणून सांगा, बाबल्याकाका. तेवढं सांगितलंत की मिटंल सगळं.”

परशुराम कालच मुंबईहून आला होता. माणूस वाईट नव्हता. लेकीवर त्याचा जीव होता, पण गावकीपुढे तो मान तुकवायचा. त्यातून पेपरात आलेलं.

दोन महिन्यांपूर्वी वेदिका कॉलेजातून रत्नागिरीहून निघाली. संध्याकाळच्या एसटीने फाट्यावर उतरून सड्यावरच्या, उघड्या कातळमाळावरच्या वाटेने घरी येताना एका ट्रकवाल्याने तिला गाठलं. ट्रकवाला कोठडीत होता. तरी पेपराने मथळा दिला, ‘सायंकाळी एकटीने फिरणे तरुणीला भोवले’. बातमीत तिचं गाव होतं, वय होतं, अंगावर पंजाबी ड्रेस होता हेसुद्धा होतं. ट्रकवाल्याच्या अंगावर काय होतं हे विचारायचं वार्ताहराला सुचलं नसावं. तिचं नाव तेवढं छापायचं राहिलं होतं, ते फाट्यावरच्या हॉटेलात बसून गावाने भरलं.

यंदा या घरी पालखी न्यावी की नाही, यावर देवळात सकाळभर खल झाला. शेवटी ती आली. “आली हेच उपकार,” असं आई चार वेळा म्हणाली होती.

आता बाबल्या म्हणणार आणि गाव व्हय म्हणणार. मग चूक कुणाची, हे पुन्हा कुणी कधी विचारणार नव्हतं. वेदिकाने चौकट घट्ट धरली.

बाबल्याने नारळ दोन्ही हातांत घेतला. वय सत्तरीच्या पुढे, पण आवाज खणखणीत.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज ह्यो परशुराम नारळ घेऊन तुज्या पुढ्यात उबा हाय, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“त्याचं म्हननं हाय, पोरीकडनं चूक झाली...”

पुरुषांनी सवयीने तोंडं उघडली. बाबल्याने हात वर केला.

“थांबा. समदं आयका, मंग व्हय म्हना.”

गाऱ्हाणं मध्येच थांबलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. बाबल्या पालखीकडे वळला.

“म्हाराजा, सड्याची वाट मी जन्मभर चाललोय. त्या वाटेनं आमच्या बायका पान्याला गेल्या, पोरी शाळंत गेल्या. घरला यायची वाट ती. घरला येनाऱ्या पोरीची चूक मी लय शोधली, मला गावली न्हाय. गावली न्हाय ती तुज्या पदरात कशी घालू? चूक त्या ट्रकवाल्याची हाय. ती त्याच्याच डोक्यावर ठेव, म्हाराजा!”

पालखी आणणाऱ्यांपैकी रघू चाचरत म्हणाला, “काका, पर पेपरात...”

“पेपरवाला सड्यावर कदी आला व्हता?”

मग मागून एक व्हय आलं. त्यामागून दोन आले, मग सगळेच म्हणाले. शेवटचा आवाज परशुरामचा होता आणि तो म्हणता म्हणता त्याला हुंदका फुटला.

वेदिकाच्या डोळ्यांना धार लागली. आभार देवाचे मानायचे की या म्हाताऱ्याचे, हे तिला कळेना. तिने दाराआडूनच दोघांना हात जोडले. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिला पोटभर श्वास घेता आला.

आता नारळ फुटायचा. पण बाबल्याने तो तसाच धरून ठेवला.

“आजून येक हाय, म्हाराजा. ह्ये माजं सोताचं.” त्याचा आवाज आता तितका खणखणीत नव्हता. “बारा वर्सांमागं आपल्या मैनेची चूक म्हनून मीच तुज्या पदरात घातली. गावानं व्हय म्हटलं. चूक तिची नव्हती, म्हाराजा. माजे शब्द मी आज मागं घेतो.”

या वेळी मात्र अंगणात एकाही पुरुषाला कंठ फुटेना. त्यांतले निम्मेअधिक बारा वर्षांपूर्वी व्हय म्हणाले होते.

मैनाआत्या वेदिकाच्या मागेच उभी होती. शेजारच्या घरातली, लग्न न झालेली, चारचौघांत न मिसळणारी बाई. दोन महिने ती रोज तिन्हीसांजेला येऊन वेदिकाजवळ बसायची आणि काही न विचारता दिवे लागल्यावर उठून जायची. ती का येते, हे वेदिकाला आज कळलं.

मैनाआत्या एक पाऊल पुढे आली आणि उंबऱ्याशी थांबली.

गाऱ्हाण्याला बाईने साथ द्यायची गावात रीत नाही. वेदिकाने तिचा हात धरला, तिला घेऊन उंबरा ओलांडला आणि पालखीपुढे उभी राहून मोठ्याने म्हणाली,

“व्हय म्हाराजा!”