वाघिणीचा हात

लॉन्ड्रीत चादरी पिळणारी आई लेकाला रोज एकच गोष्ट सांगायची: लांडगा आजी बनून येतो, पोरं फटीतून हात बघतात, आणि हात केसाळ दिसला की दार बंद! लेक मोठा होऊन मुलांची पुस्तकं लिहू लागला. तीच गोष्ट त्याने चीनमध्ये नेली. बांबूचं बन आणलं, कागदी कंदील टांगले, लांडग्याची वाघीण केली. त्याच्या पोरींना ती तोंडपाठ.

म्हाताऱ्या झालेल्या आईची भाड्याची खोली सुटली. "आता तुझ्याकडेच राहायला येते रे," असं आठ दिवस आधी कळवून ती बोचक्यासकट त्याच्या दारात उभी राहिली.

"आजी असशील तर हात दाखव!" आतून नाती ओरडल्या.

आपलीच गोष्ट आपल्याला भेटली म्हणून म्हातारी खुदकन हसली आणि साखळी लावलेल्या दाराच्या फटीतून तिने हात आत घातला.

"ई, खरखरीत! वाघीण!" हात बाहेर यायच्या आत दार आदळलं.

"अगं बयांनो," कळवळत ती म्हणाली, "वाघिणीचा हात केसाळ असतो!"

"आधी होता. बाबांनी परवाच बदलला."



मग आतून लेकाचा हलका आवाज आला, "शाब्बास! आता कडी लावा."