गोपिकाबाईंनी नाव घेतलं

“आजी, तुमच्या नवऱ्याचं नाव काय?”

नर्स नूपुरनं पुन्हा विचारलं. खाटेवरच्या गोपिकाबाईंनी ओठ घट्ट मिटले नि तोंड भिंतीकडे फिरवलं.

ऑपरेशनची गुंगी उतरत होती. खुब्यावर दोन बारीक भोकं, बस. त्यातूनच आतली गाठ जाळली, हाडात सिमेंट भरलं, स्क्रू बसवले. शुद्ध नीट आली का, ते पाहायला चार सवाल विचारतात. स्वतःचं नाव, गाव कुही, आजचा वार, सगळं गोपिकाबाईंनी धडाधड सांगितलं. इथंच गाडी अडली.

“सरांना बोलावते,” नूपुर म्हणाली. “डोक्याचा स्कॅन करावा लागेल.”

दाराशी येरझारा घालणारे त्यांचे यजमान वामनराव तरातरा आत आले. “अवं पोरी, आमच्या इकडच्या बाया नवऱ्याचं नाव नाही घेत!”

ते हसले खरे, पण हसू ओठांवरच वाळलं. घेत नाही, की आठवत नाही? छातीतला कॅन्सर खुब्यात उतरला होता. खुब्यातून डोक्यात चढायला त्याला कोणाला विचारायचं होतं? डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, रोग जाणार नाही, पाय तेवढा उभा राहील. गोपिकेला त्यांनी यातलं अक्षरही कळू दिलं नव्हतं. हाडाले चीर पडली, बुजवली की झालं, एवढंच.

ते खाटेवर वाकले. “सांग ना वं नाव.”

“इतक्या लोकांत? लाज नाही वाटत तुम्हाले?”

“बाबाजी, तुम्ही सांगायचं नाही हं,” नूपुरनं दटावलं.

वामनराव आणखी खाली वाकले. “मंग उखाणा घे. उखाण्यात तं चालते ना!”

आजूबाजूच्या खाटांवरच्या बायांनी माना उंचावल्या. गोपिकाबाईंचा हात डोक्यावरच्या पदराकडे गेला. दवाखान्याच्या झग्याला पदर कुठला? मग त्यांनी चादरच कपाळापर्यंत ओढली आणि आतून, जात्यावर बसल्यासारखा, संथ सूर आला.

“घर पोखरलं वाळवीनं, टेकू लावला खाली,
वामनरावांचं नाव घेते, जायची वेळ नाही आली!”

वॉर्डात हशा उसळला. नूपुरनं टाळ्या वाजवल्या. “एकदम ओके! स्कॅन-बिन काही नको.”

वामनरावही हसले. डोकं शाबूत होतं. सगळं ठिकाणावर होतं.

मग उखाण्याची पहिली ओळ मागाहून त्यांच्या आत पोचली. त्यांनी खाटेचा दांडा धरला.

चादर खाली सरकली. गोपिकाबाई त्यांच्याकडेच पाहत होत्या.

“काहून जी?” त्या म्हणाल्या. “नाव चुकलं का?”