ओळख परेड

लेकीच्या हातून चमचा खणकन फरशीवर पडला, तशी आईने मान वर केली. निर्दोष असून तुरुंगात खितपत पडलेल्यांचे खटले पुन्हा तपासायचा विद्यापीठाचा एक प्रकल्प होता. त्यातली विद्यार्थिनी मघापासून समोर बसून उत्तराची वाट बघत होती. एका दुकानदाराच्या खुनाची ही आई एकटीच साक्षीदार. लग्नाआधी, कॉलेजात असताना, हिने दाखवलेल्या एका बोटावर एक माणूस आजही जन्मठेप भोगत होता.

"किती वेळा सांगू? तोच होता. डोळे काय गहाण टाकले होते मी?"

"तसं नाही हो, ताई. फक्त ओळख परेडचं सांगा. बोट दाखवताना खात्री होती?"

"तेव्हा जरा धाकधूक होती. रांगेतले सगळे सारखेच दिसत होते. पण नंतर अगदी पक्की झाली."

"नंतर म्हणजे? कशाने?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. तिने ओठांवरून जीभ फिरवली.

"फौजदारांनी पाठ थोपटली. म्हणाले, शाब्बास, पोरी!"

विद्यार्थिनीचं पेन जागच्या जागी थांबलं.  

नुकतीच शाळेत जाऊ लागलेल्या लेकीला 'शाब्बास' हा शब्द चांगलाच ओळखीचा होता. तिने आईच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवली.

"पण आई, तुझं बरोबर आलं हे त्यांना कसं कळलं गं? ते पण होते तिथे, बघायला?"