बाहीवरचं चिन्ह

युद्धातल्या जुन्या फोटोंवरून विमान आणि तुकडी ओळखण्यात संग्रहालयातल्या त्या तज्ज्ञाचा हात धरणारं कोणी नव्हतं. एकदा पन्नाशीची एक शिक्षिका आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन त्याच्याकडे आली. तिने आणलेल्या फोटोत तिचे दिवंगत वडील लढाऊ विमानाच्या पंखाला टेकून ऐटीत उभे होते.

"बाबा हेच विमान उडवायचे. दरवर्षी वर्गात सांगते मी. याचं नाव तेवढं सांगाल?"

त्याने भिंग लावलं आणि चुटकीसरशी नाव सांगितलं. मग भरात येऊन म्हणाला, "पण हे वैमानिक नव्हते हं. बाहीवरचं चिन्ह बघा, भटारखान्याच्या तुकडीचं आहे."

शिक्षिकेने फोटो उचलला आणि ती बाहेर निघून गेली. आई मात्र खुर्चीतच बसून राहिली. या आजींचा जन्मभराचा अभिमान आपण एका वाक्यात मातीत घातला, या विचाराने तो ओशाळला.

"आजी, माफ करा मला," तो खाली मान घालून म्हणाला.


"मला तर लग्नाआधीपासून ठाऊक आहे हो," ती दाराकडे बघत म्हणाली, "आम्ही दोघांनी कळू दिलं नव्हतं ते फक्त लेकीला."